डबा अजून माझ्याकडेच आहे

या घरातले सगळे प्लग
माझ्या कपाळाच्या उंचीवर.
फोन चार्जिंगला लावला की
वायरला लोंबत राहतो, मांडवातल्या दुधीसारखा.
इस्त्री करायची तर स्टुलावर उभं राहून.
पहिल्या आठवड्यात मगदूमकाकांना
मी मनातल्या मनात बरंच काही म्हणून घेतलं.

बदलीच्या आदेशात नुसतं ‘सांगली’ होतं,
हळदीचं काही लिहिलं नव्हतं.
मार्केट यार्डाकडून वारा आला
की आधी मी शिंकते, मग ओजस,
आणि वरच्या गॅलरीतून काकू विचारतात,
“हळद लागली व्हय ओ, वाशिमकर?”
आमचं आडनाव राऊत आहे.
तीनदा सांगून झालं.

शनिवारच्या बाजारात मी सांबार मागितला.
“हाटेलात जावा की, ताई.”
शेजारची बाई पदरात तोंड घालून हसली.
मग मी जुडीकडे बोट दाखवलं.
त्यानं कोथिंबिरीवर चार मिरच्या फुकट टाकल्या
आणि म्हणाला, “इडली न्हाई आज.”
दर शनिवारी म्हणतो.
मी दर शनिवारी त्याच्याकडेच जाते, हेही खरं.

ओजसनं फोनवर आजीला विचारलं, “जेवलासा का?”
तिकडे थोडा वेळ नुसती खरखर.
मग आई म्हणाली,
“हे कोण बोलून राहिलं?”

एका रविवारी हरिपूरला गेलो, संगम बघायला.
वाटेत स्कूटर पंक्चर.
चिंचेखाली उभं राहून
आम्ही अर्धा किलो भडंग संपवलं,
तिखटानं ओजसचे कान लाल.
घाटावर छत्री रोखून एक आजोबा म्हणाले,
“ही कृष्णा. ती वारणा.”
थोड्या वेळानं छत्री फिरवून म्हणाले, “उलटं झालं जरा.”
ओजसला दोन्हीकडे पाणीच दिसलं.

तर, डबा.
आल्या आल्या काकूंनी बेदाणे दिले होते,
तासगावच्या भावाच्या शेडवरचे, काठोकाठ.
डब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव:
सुनंदा बा. मगदूम, ४-५-८३.
बेदाणे ओजसनं येता-जाता संपवले.
आता डबा रिकामा कसा परत द्यायचा?

पाटवड्या केल्या, झणझणीत रश्श्यातल्या.
जिन्यात आठवलं, वर कांदा-लसूण चालत नाही.
पुन्हा भरड्याचे वडे केले, साधे,
ऑफिसातून येऊन तळेपर्यंत साडेसात.
वर काकांच्या चुळाही भरून झालेल्या,
दिवस मावळला की त्यांचं ताट बंद.
चितळी बुंदी आणावी म्हटलं, तर ती काकूच घरी पाडतात.
आणि सांगलीकरांना भडंग नेऊन देणं म्हणजे,
जाऊ दे.

कॅलेंडरसाठी खिळा ठोकताना
रंगाखाली एक रेघ दिसली,
फिकट, चहाच्या डागासारखी, भिंतभर सरळ.
प्लगच्या खाली चार बोटं.
काका किल्ली द्यायला आले होते.
“तेवढं आलतं,” म्हणाले,
दूधवाल्याचा हिशेब सांगावा तसं.
“भांडी सगळी गेली. हा डबा तेवढा
मुजावरांच्या गेटात अडकलेला घावला.
झाकण घट्ट. आत साखर होती,
कोरडीच्या कोरडी.”
आणि किल्ली माझ्या हातात देऊन वर गेले.

कॅलेंडर मी दुसऱ्या भिंतीवर लावलं.
ती भिंतही तेवढीच बुडली असणार,
हे नंतर लक्षात आलं.

भावाला सांगितलंय, घरची तूरडाळ पाठव.
पाठवली म्हणतो.
पार्सल चार दिवस झाले, कोल्हापूरला जाऊन बसलंय.
मी कुरियरवाल्याशी भांडते,
स्टुलावर उभी राहून, कारण चार्जिंग संपत आलेलं,
आणि वरून आवाज येतो,
“वाशिमकर, डबा काय आहेरात धरला काय ओ?”